सूर्याला मंगळवार कळत नाही

बयाबाईंनी गुडघ्याचा पट्टा खोक्यातून काढला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि लेकाच्या देखत पुन्हा खोक्यात टाकला.

"ह्यो दोन-अडीच म्हैनं माझ्या मागं लागलाय," त्या सुनेला म्हणाल्या. उदयसिंह दारातच बूट घालत होता, पण त्याच्याविषयीची तक्रार त्याच्यासमोर दुसऱ्याला सांगायची त्यांची जुनी रीत होती. "आदी आठ-आठ दीस आई जेवली का उपाशी, इचारलं न्हाय. आता सकाळी फोन, दुपारी फोन. तेल काय, गोळ्या काय, आता ह्यो पट्टा. म्हशीला इतकं कुणी गोंजारलं तर तीबी मागं वळून बघंल, धार काढाय आलाय का बाजारात न्यायला म्हणून."

चुलीपुढची संयोगिता भाकरी उलटत राहिली. सासू-नवऱ्याच्या मध्ये बोलायचं नाही, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती.

"उद्या मंगळवार हाय, आई," उदयसिंह बुटाची नाडी ओढत म्हणाला. "दिलदारची रिक्षा साडेनवाला येईल. चुकवू नको. आन् माळाकडं चालायला जायाचं न्हाय अजून. डॉक्टरनी सांगितलंय."

"डॉक्टरनी सांगितलंय का तू?"

तो हसला आणि मोटारसायकलला किक मारली.

गाडीचा आवाज दूध संस्थेच्या वळणावर विरेपर्यंत बयाबाई बसून होत्या. मग त्यांनी खोकं पुन्हा ओढलं, पट्टा गुडघ्याला गुंडाळला आणि चिकटवला. नीट बसला नाही म्हणून उचकटला, चर्रर्र आवाज आला, पुन्हा चिकटवला.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. संयोगितेला नाही, गुडघ्याला.

नागपंचमी झाल्यावरच्या मंगळवारपासून हे सुरू होतं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत एक दवाखाना होता. तिथली पोरसवदा डॉक्टरीण त्यांच्या पायावर वाळूची पिशवी ठेवून पाय वर उचलायला लावी. पहिल्या दिवशी बयाबाईंनी तिला सात पिढ्यांसकट ऐकवलं. पण दसऱ्याला त्या देवळाच्या पायऱ्या कठड्याला हात न लावता चढल्या, आणि दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत चारचौघींत म्हणाल्या, "माझ्या उदयनं करून घेतलं." बयाबाईंच्या तोंडून कुणाचं कौतुक गावानं कधी ऐकलं नव्हतं. गिरणीवालासुद्धा डब्यात पीठ भरता भरता हात थांबवून ऐकत राहिला.

त्याच सोमवारी दुपारी अनुजा आली. उदयसिंहाची ही थोरली लेक विद्यापीठात संशोधन करत होती. ती शनिवारची यायची. सोमवारी आली, तीही न कळवता, आणि खांद्यावरची पिशवी न काढताच आजीसमोर बसली.

"आज्जी, खोपीजवळ कोण येतंय?"

"पाखरं येत्यात. दुसरं कोण येणार?"

"लोखंड येतंय."

बयाबाई शेंगा फोडत होत्या. त्यांचा हात थांबला.

खोपी म्हणजे माळावरची लाकडी झोपडी. पन्हाळ्याच्या वाटेला असलेला तो मुरमाड माळ बयाबाईंना त्यांच्या बापानं दिलेला. तिथं गवताखेरीज काही उगवत नव्हतं, म्हणून विजेचा पंप नव्हता, तार नव्हती, पत्र्याचं छप्पर नव्हतं. आणि तीन वर्षांपूर्वी अनुजाला नेमकी तशीच जागा हवी होती. खोपीत एक यंत्र होतं. पृथ्वीचं चुंबकत्व केसभर हललं तरी ते कागदावर रेघ काढून दाखवी. खोपीला एक खिळा नव्हता. स्क्रू होते ते पितळेचे.

तेव्हा अनुजानं गुऱ्हाळाच्या ओट्यावर बसून समजावलं होतं. सूर्यावरून बारा महिने एक वारा सुटलेला असतो. तो आपल्याला लागत नाही, कारण पृथ्वीनं चुंबकाचं पांघरूण घेतलंय. पण हे पांघरूण ध्रुवांपाशी उसवलेलं आहे. वाऱ्याला उधाण आलं की तो तिथून आत घुसतो. शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचावर विजेचे लोट वाहू लागतात, तिथली विरळ हवा तापते, फुगते, वर चढते. वर फिरणारे उपग्रह त्या फुगलेल्या हवेत अडखळून खाली घसरतात.

"काहिलीतला रस फुगतो तसं," बयाबाई समोरच्या उकळत्या रसाकडे बघत म्हणाल्या होत्या. "मग एरंडेलाचा थेंब टाका की. बसंल खाली."

अनुजा हसली होती, आणि मग गंभीर होऊन म्हणाली होती, की ध्रुवावरची ती खळबळ तिथंच राहत नाही. विहिरीत त्या अंगाला धोंडा पडला की लाट या अंगाच्या पायरीला येते, तशी ती आपल्यापर्यंत येते. किती वेळानं येते, किती जोराची येते, तेच तिला मोजायचं होतं. फक्त जवळ लोखंड हलता कामा नये.

"आन् ह्या काळ्या धोंड्यांत न्हाय व्हय लोखंड?" बयाबाईंनी विचारलं होतं.

"हाय की. पण धोंडा हलत न्हाय, आज्जी. जे हलत न्हाय त्याचा यंत्राला त्रास न्हाय. हलतंय त्याचा त्रास."

एवढं ऐकून बयाबाई उठल्या होत्या. खोपीभोवती पन्नास पावलांवर त्यांनी धोंड्यांचं रिंगण मांडलं, त्याला चुना फासला आणि कायदा केला. गवत कापायला येणाऱ्या बायकांनी विळे रिंगणाबाहेर करंजाखाली ठेवायचे, देवळाबाहेर चपला ठेवतात तसे, आणि आतलं गवत हातानं उपटायचं. साडीची पिनसुद्धा काढून ठेवायची. पिनेनं काही होत नाही, असं अनुजा म्हणाली, तर बयाबाई म्हणाल्या, "आज पिन, उद्या पहार." बायका आधी हसल्या, नंतर एका अमावस्येला कुणीतरी खोपीपुढं नारळ ठेवून गेलं. बयाबाईंनी तो तसाच राहू दिला. भिंतीपेक्षा भीती जास्त राखण करते, हे त्यांना ठाऊक होतं.

गेल्या साली अक्षय तृतीयेला सूर्याकडून मोठं वादळ आलं. ध्रुवाकडच्या देशांत आभाळभर हिरवा-तांबडा उजेड पसरला. अनुजानं फोनवर दाखवल्यावर "कुणी शालू वाळत घातल्यात," असं बयाबाई म्हणाल्या. त्यांच्या माळावरच्या यंत्राची रेघ त्या वेळी पोहरा विहिरीत सुटावा तशी खाली गेली होती. तो कागद त्यांनी मागून घेतला आणि देव्हाऱ्याच्या मागं भिंतीला लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगत, "सूर्याचं वादळ आपल्या रानात आलंवतं."

आता अनुजानं तसलेच कागद जमिनीवर अंथरले. दहा होते. प्रत्येकावर दोन रेघा.

"वरची ध्रुवाजवळच्या यंत्राची. खालची आपली. बघ."

बयाबाईंना अक्षर जुळवून वाचायला वेळ लागे. सही मात्र झोकात येई. चाळिशीत साक्षरतेच्या वर्गात बसून त्या ती शिकल्या होत्या, आणि त्यानंतर त्यांनी शाईला अंगठा लावला नव्हता. रेशनच्या मशीनवरसुद्धा त्या हट्टानं तर्जनी टेकवत. पण रेघ वाचायला अक्षर लागत नाही. वरची रेघ शांत होती. खालची, एक कागद सोडला तर, एका ठिकाणी एकदम पायरीसारखी वर चढली होती, तासभर तशीच राहून एकदम खाली उतरली होती.

"तिकडं पाणी हललंच न्हाय," अनुजा म्हणाली. "मग लाट तिकडची न्हाय. धोंडा इकडनंच कुणीतरी टाकलाय. आधी मला वाटलं सूर्याचंच काहीतरी असेल. तोही फिरतो, त्याचीही पाळी असते, सत्तावीस दिवसांची. पण हे सगळे मंगळवार आहेत. दर मंगळवारी पावणेअकराला वर, बाराच्या आत खाली. सूर्याला मंगळवार कळत न्हाय, आज्जी."

बयाबाईंनी कागद एकेक करून ओढले.

"पयला कधीचा?"

"पाच ऑगस्ट."

"नागपंचमीनंतरचा मंगळवार." त्यांनी बोट पुढं सरकवलं. "ह्यो मधला सपाट कुठला?"

"दोन सप्टेंबर."

बयाबाईंना तारीख सांगावी लागत नव्हती. त्या मंगळवारी गौरी उठल्या होत्या. घरात माणसं होती, पुरणाचा स्वयंपाक होता, त्या दवाखान्यात गेल्याच नव्हत्या. आणि उदयसिंह दिवसभर ओसरीवर फोन घेऊन येरझाऱ्या घालत होता.

"सर म्हणाले, जागा बिघडली," अनुजा सांगत होती. "महिनाअखेरीला यंत्र उचलायचं. आणि इतक्या दिवसांचं काय काय खोटं आलंय ते आता कसं ओळखायचं, म्हणाले. तीन वर्षं आहेत माझी यात. मी त्यांना लिहून दिलं होतं आज्जी, की तिथं माझी आज्जी बसलीय, लोखंड येणार न्हाय."

बयाबाईंनी वाकून गुडघ्याचा पट्टा उचकटला. चर्रर्र आवाज झाला. पट्ट्याची घडी करून त्यांनी तो कागदांवर ठेवला, उडू नयेत म्हणून ठेवावा तसा.

"सरास्नी सांग, उद्याचा एक मंगळवार जाऊ दे. त्याच्या पुढचा सपाट आला न्हाय, तर मी सोता तुझं यंत्र डोक्यावर घेऊन कोल्हापुरात आणून दीन."

"तुला माहितीय कोण येतं?"

"च्या घे."

अनुजा पट्ट्याकडे बघत राहिली. मग तिनं चहा घेतला.

सकाळी साडेनवाला दिलदारची रिक्षा आली. दिलदार शेजारच्या लालबीचा लेक. बयाबाईंनीच त्याला लहानपणी विहिरीत पोहायला शिकवलं होतं. त्या नेहमीसारख्या मागं बसल्या, मांडीवर तांब्याची कळशी घेऊन.

"कळशी कशाला, काकी?"

"कल्हईला."

गाव मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "दिलदार, मला एक वाजल्याबिगर घरी आणत न्हाईस. का रं?"

"दादांनीच सांगितलंय की," तो आरशात बघत सरळ मनानं म्हणाला. "दवाखाना झाला की अंबाबाईला न्या, बाजारात फिरवा, मिसळ खाऊ घाला. घरात कोंडून ऱ्हाती म्हणं आई. एकच्या आत गाव दाखवायचं न्हाय."

दर मंगळवारी अंबाबाईसमोर त्यांनी हात जोडले होते. आधी लेकासाठी, मग स्वतःसाठी.

"फाट्यावर थांबव."

"हितं? काकी, माळ दीड किलोमीटर हाय. गुडघा?"

"गुडघा बरा हाय. तू जा कोल्हापूरला. दवाखान्यात सांग, बाई आज आली न्हाय. आन् दादाला फोन केलास तर लालबीला सांगीन, तू तंबाखू खातूस म्हणून."

दिलदार चाळीस वर्षांचा होता. त्यानं फोन खिशात ठेवला.

बयाबाई चालू लागल्या. दर पावलाला त्या जुन्या कळेची वाट बघत होत्या. आता येईल, त्या चढाला येईल, ओढ्यात उतरताना तर येईलच. ती आली असती तर बरं झालं असतं. सगळंच नाटक होतं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण गुडघा ओढा उतरला, चढ चढला, आणि एका शब्दानं कुरकुरला नाही.

श्रावणापासून त्या माळावर आल्या नव्हत्या. गवत कमरेएवढं झालं होतं. अनुजा शनिवारी यायची ती पलीकडच्या पायवाटेनं, त्याच अंगाला ठेवलेल्या यंत्राच्या बॅटरीच्या पेटीतून नोंदी घेऊन तशीच परत जायची. सडकेच्या अंगाला, उंचवट्याआड, गवतात दोन चाकांचे पट्टे दाबलेले होते. रिंगणाचे दोन धोंडे बाजूला लोटलेले होते. पट्टे त्यांच्या मधून आत गेले होते.

त्यांनी दोन्ही धोंडे लोटत जागेवर आणले, हाताचा चुना लुगड्याला पुसला आणि करंजाखाली बसल्या.

पावणेअकराला पांढरी गाडी आली. धोंड्यांशी थांबली. त्यातून ऊन-चष्मा लावलेला एक पोक्त माणूस उतरला, मागोमाग हातात मोजायची पोलादी फीत घेतलेला दुसरा.

"आज्जी, हे धोंडे कुणी लावले परत? गाडी आत जाती दर वेळी."

"ज्याचं रान त्यानं लावलं. ऊन लागलं असंल. पाणी घ्या, पावणं."

पाहुण्यानं कळशीतलं पाणी घेतलं. थंड होतं, त्यामुळं तो सैलावला. "रान आता आमचंच म्हणा. रिसॉर्ट होतंय हितं. दिवाळी झाली की सही."

"कुणाची?"

"सही कुठली, अंगठाच. मालकीण म्हातारी हाय, अंथरुणाला खिळलीय बिचारी. कळतबी न्हाय म्हणं काय तिला. तिचा लेक घरीच माणूस बोलवून अंगठा घेणार हाय." त्यानं रिकामं भांडं खाली ठेवलं. "ही खोपी मात्र काढाय लागंल. तिथं पोहायचा तलाव येतोय. आत देव-बीव हाय काय?"

"देव न्हाय," बयाबाई म्हणाल्या. "पर खोटं चालत न्हाय तिला."

तेवढ्यात मोटारसायकल आली. उदयसिंहानं आधी धोंडे पाहिले, मग कळशी, मग आई. गाडी बंद करायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

"या दादा," पाहुणा म्हणाला. "ह्या आज्जी..." आणि उदयसिंहाच्या तोंडाकडे बघून थांबला. मग त्यानं बयाबाईंकडे पाहिलं, त्यांच्या पायांवरच्या ताज्या धुळीकडे पाहिलं आणि चष्मा काढला. फीतवाला आधीच गाडीत जाऊन बसला होता. गाडी मागं घेताना एकदा दगडावर घासली, मग सडकेला लागली.

मोटारसायकल अजून धडधडत होती. उदयसिंहानं ती बंद केली.

"माळच की, आई," तो म्हणाला. "काय पिकतंय हितं? त्यांच्या बोर्डावर माझं नाव येणार होतं. भागीदार म्हणून. मी सांगणारच होतो तुला."

बयाबाई कळशीवर झाकण बसवत होत्या.

"आन् अनुजाचं काय, आज न्हाय उद्या ती परदेशी जाईल. तासभर गाडी उभी ऱ्हायली म्हणून सूर्य बुडाला व्हय?"

"तिच्या सरानं यंत्र उचलाय सांगितलंय," बयाबाई म्हणाल्या. "तीन वर्सं गेली पोरीची. तुझी पोर हाय ती."

हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं खोपीकडं पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच नीट. मग खाली बघत म्हणाला, "गुडघ्याचं मात्र मी मनापासनं केलं. दवाखाना चांगला शोधला. ते खोटं न्हवतं, आई."

"अंगठा?"

वाऱ्यानं गवत एका अंगाला झुकलं आणि त्यात दडलेले चाकांचे पट्टे पुन्हा दिसले.

बयाबाई उठल्या. जमिनीला हात न टेकता, झाडाला न धरता. तो आधार द्यायला पुढं आला, तशी त्यांनी मधे कळशी धरली.

"गुडघा बरा केलास. ते मी गिरणीत चारचौघींत सांगितलंय, परत घेणार न्हाय. आता ऐक. धोंड्यातबी लोखंड असतंय, तुझ्या लेकीनंच सांगितलंय मला. पर धोंडा हलत न्हाय. तू हललास. ह्या रिंगणात आजपास्नं इळा येत न्हाय, पहार येत न्हाय, आन् तू येत न्हाईस. मी मेल्यावर माती हितंच हुईल माझी. खांदा द्यायला ये, तुला कोण आडवणार न्हाय. पर गाडी भायेर लाव."